नेमपट्टीवरचा नऊचा आकडा

2018 साली शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका कोरड्या विहिरीत टिपूच्या काळातील युद्ध-रॉकेटांची हजाराहून अधिक लोखंडी नळकांडी सापडली, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी ठळकपणे छापली. जुन्या शस्त्रांतील विज्ञान म्हटले की आपल्याला धूर, आवाज आणि आकाशात जाणारी आगीची रेघ आठवते. आज ज्या वस्तूविषयी लिहायचे आहे तिच्यात यांपैकी काहीच नाही. ती बोटाच्या दोन पेरांएवढी आहे, गंजाने काळवंडली आहे, आणि राजाजीनगरातल्या एका देवघरात पितळी डबीत ठेवलेली असते.

राजाजीनगर हे नाव राजगोपालाचारींचे. वस्ती मात्र लेथ, ड्रिल आणि छोट्या कारखान्यांची. येथे आयुधपूजेला रस्तोरस्ती कोहळे फुटतात, यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. आमच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब आहे, मूळचे बेळगावकडचे. घरातले काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षे लेथवर काढलेला माणूस. खंडेनवमीला ते पाटावर आपली व्हर्नियर, मायक्रोमीटर, घासून चकचकीत केलेली दोन हत्यारे मांडतात आणि शेवटी त्या डबीतली पट्टी. गेल्या खंडेनवमीला त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. "डॉक्टरीणबाई, तुम्ही फिजिक्सवाल्या. ही वस्तू काय आहे ते मला ठाऊक आहे. ती काय सांगते ते तुम्ही सांगा."

घरातली कथा अशी: काकांचे पणजोबा 1862 साली मुंबई इलाख्याच्या पलटणीत भरती झाले. ही पट्टी त्यांच्या पहिल्या बंदुकीची. बंदूक फार पूर्वी सरकारजमा झाली. पट्टी तेवढी राहिली.

ती लोखंडी चौकट आहे, मधोमध उभी खाच, त्या खाचेवर वरखाली सरकणारा एक आडवा तुकडा, तळाशी बिजागरीच्या खिळ्याचे भोक. कडेला आडव्या रेषा आणि आकडे: 5, 6, 7, 8, 9. एकोणिसाव्या शतकातील एकबारी रायफलींच्या नळीवर, डोळ्याच्या बाजूला, ही पट्टी आडवी निजलेली असे. दूरचा नेम धरायचा झाला की ती उभी करायची. इंग्रजीत हिला लॅडर साइट म्हणतात, कारण ती शिडीसारखी दिसते. मी तिला नेमपट्टी म्हणते.

आपल्या भाषेत या सामग्रीला जुने शब्द आहेत. नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा म्हणजे माशी. डोळ्याजवळची खाच आणि माशी एका रेषेत आणून लक्ष्यावर ठेवणे म्हणजे शिस्त धरणे. होय, तीच शिस्त. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला हा शब्द फारसीतून आला तो नेम या अर्थाने. तिरंदाज अंगठ्यात घालीत त्या कड्याशीही त्याचे नाते आहे. रांगेत उभे राहणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला. एका रेषेत आणण्याची क्रिया बंदुकीवरून माणसांवर गेली, एवढेच.

आकड्यांचा अर्थ शेकड्यांत घ्यायचा. 5 म्हणजे पाचशे यार्ड, आपल्या जुन्या भाषेत पाचशे वार. 9 म्हणजे नऊशे वार, सुमारे 823 मीटर. सरकता तुकडा 9 च्या रेषेवर नेऊन त्याच्या खाचेतून माशी पाहिली, की डोळा समोर सरळ पाहत असताना नळी मात्र किंचित वर तोंड करून उभी राहते. गोळी वर चढते, वाकते आणि नऊशे वारांवर पुन्हा नजरेच्या रेषेला भेटते. पट्टी ही म्हणजे गणित करून ठेवलेला कोन आहे. शिपायाला कोन ठाऊक असण्याची गरज नाही. त्याला अंतर ओळखता आले की पुरे.

आता त्या रेषांकडे पाहू. मी काकांच्याच व्हर्नियरने त्यांच्यातली अंतरे मोजली. 5 आणि 6 यांच्यात सुमारे 4 मिलिमीटर. 8 आणि 9 यांच्यात सुमारे साडेपाच. काका म्हणाले, "आखणाऱ्यानं चुकवलं असेल." मग स्वतःच भिंग लावून पाहिले आणि मान हलवली. रेषा एकसारख्या खोल होत्या, कडा सरळ होत्या. हे हाताने आखलेले नव्हते, यंत्रावर झालेले काम होते. त्यांचा डोळा बरोबर होता: 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून आणवलेली यंत्रे बसली आणि तेथील रायफलींचे भाग एकाचे दुसऱ्याला बसतील इतके सारखे होऊ लागले. तेव्हा ही वाढत जाणारी अंतरे मुद्दाम ठेवलेली होती.

कशासाठी, हे पाहण्यासाठी क्षणभर हवा नाहीशी करू. निर्वात जागेत गोळीचा आडवा वेग कमी होत नाही. दुप्पट अंतराला दुप्पट वेळ लागतो, आणि खाली पडणे वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे चौपट होते. चौपट पडणे दुप्पट अंतरावर भरून काढायचे तर कोन दुप्पट वाढवावा लागतो. छोट्या कोनांसाठी कोन अंतराच्या सरळ प्रमाणात जातो, म्हणून निर्वातातल्या नेमपट्टीवर सगळ्या रेषा समान अंतरावर पडतील. आपल्या पट्टीवर तसे नाही. गोळी पुढे जाता जाता मंदावते, प्रत्येक पुढचे शंभर वार तिला आधीच्यापेक्षा अधिक वेळ घेतात, त्या वेळात ती अधिक पडते. 4 आणि साडेपाच यांच्यातला तो दीड मिलिमीटर हवेचा आहे. दीडशे वर्षांपूर्वीची हवा लोखंडावर कोरलेली आहे, असे मी काकांना म्हटले, आणि त्यांनी ते मुळीच काव्यात्म मानले नाही. "टॉलरन्स म्हणा ना," ते म्हणाले.

एक सोय अशी की मूळ बंदूक हाती नसतानाही हे तपासता येते. माशी आणि पट्टी यांच्यातले अंतर माहीत असेल तर रेषेची उंची भागून थेट कोन मिळतो. ते माहीत नसेल तरी रेषांच्या उंचींचे एकमेकींशी गुणोत्तर बंदुकीच्या लांबीवर अवलंबून नसते. साधारण 380 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली, 31 ग्रॅमची, जाड शिशाची गोळी आणि हवेचा साधा रोध घेऊन मी गणित केले. 8-9 चे अंतर 5-6 च्या सुमारे 1.4 पट यायला हवे होते. साडेपाच भागिले चार, म्हणजे 1.375. पट्टी आणि कागद एकमेकांशी इतके जुळलेले पाहून मला जो आनंद झाला तो प्रयोगशाळेतल्या कितीतरी महागड्या उपकरणांनी दिलेला नाही, हे कबूल करते.

हवेचे हे देणे प्रथम ज्याने मोजले तो माणूस आपल्या किनाऱ्यावर मेला. बेंजामिन रॉबिन्स, जन्म 1707, इंग्लंडातील बाथ येथला. 1742 मध्ये त्याने तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. त्याआधीचे तोफगणित गॅलिलिओच्या परवलयावर चाले. हवा इतकी विरळ, ती शिशाच्या जड गोळ्याला काय अडवणार, अशी बहुतेकांची समजूत. रॉबिन्सने टांगलेल्या जड लोलकावर गोळी झाडली, लोलक किती झुलला ते मोजले आणि संवेग अक्षय्यतेवरून गोळीचा वेग काढला. आजही पदवीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी हा प्रयोग करतात. लोलक जवळ ठेवून एकदा, दूर ठेवून एकदा असा वेग मोजला की मधल्या हवेने किती खाल्ले ते कळते. उत्तर धक्कादायक होते: वेगाने निघालेल्या बंदुकीच्या गोळीवर हवेचा रोध तिच्या वजनाच्या सुमारे शंभर पट. ऑयलरने 1745 मध्ये हा ग्रंथ स्वतःच्या विस्तृत टीपांसह जर्मनमध्ये आणला. ऑयलरसारख्या माणसाने अनुवादाचे कष्ट घ्यावेत, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

रॉबिन्सला आणखी एक गोष्ट दिसली. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी नळीच्या भिंतींना घासत, स्वतःभोवती वेडीवाकडी फिरत बाहेर पडते, आणि त्या फिरण्यामुळे हवा तिला बाजूला ढकलते. त्याने नळीचे टोक मुद्दाम डावीकडे वाकवून गोळी झाडली. ती आधी डावीकडे गेली आणि पुढे वळून उजवीकडे पोचली. क्रिकेटमधल्या फिरकीचा चेंडू हवेत वळतो त्याच कुळातला हा परिणाम. फिरणे टाळता येत नसेल तर ते आपल्याला हवे तसे ठरवावे, नळीत आटे कोरावेत, गोळी प्रवासाच्या अक्षाभोवतीच फिरेल. 1747 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने सांगितले की आटेदार नळीची बंदूक जे राष्ट्र प्रथम नीट समजून घेईल आणि आपल्या सैन्यात आणील, त्याचे पारडे जड होईल.

दोन-तीन वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी हिंदुस्थानात पाठवले, आणि जुलै 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तो वारला. हा किल्ला कंपनीने 1690 मध्ये मराठ्यांकडून विकत घेतला होता, छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते त्या काळात. व्यवहारात किल्ल्याभोवतीची जमीन किती द्यायची याचे माप तोफेच्या गोळ्याने ठरले. किल्ल्यातून चहूदिशांना तोफ डागली, गोळा जिथवर गेला तिथवरची गावे कंपनीची. त्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावे असे नावच पडले. मराठ्यांच्या एका विक्रीखतात हद्द ठरवण्यासाठी हवेच्या रोधाचा, दारूच्या प्रतीचा आणि नळीच्या कोनाचा असा नकळत हिशेब झाला होता. आणि साठ वर्षांनी त्याच जागी तो हिशेब ज्याला खरोखर करता येत होता तो माणूस तापाने पडला. इतिहासात योगायोग फार शोधू नयेत, पण हा पुढ्यात येऊन बसतो.

रॉबिन्सचे भाकीत खरे व्हायला शंभर वर्षे गेली. आटेदार नळीत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून भरावी लागे, वेळ जाई. नळीत सैल उतरणारी आणि स्फोटाच्या दाबाने फुगून आट्यांत बसणारी लांबट गोळी आली तेव्हा ही अडचण सुटली. ब्रिटिशांची 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल त्या गोळीची. तिच्या काडतुसाचे पुढे काय झाले हे शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको. तिच्या नळीवर मात्र सहसा कोणी नजर टाकत नाही. तेथे एक पायऱ्यांचे बूड आणि त्यावर निजलेली नेमपट्टी होती. पायऱ्यांवर 100 ते 400 वारांचे नेम, पट्टी उभी केली की त्यापुढचे. कुठे 900, कुठे हजाराच्याही पुढे, कारखाना आणि साल यांनुसार.

1857 नंतर सरकारने बंगाल, मद्रास, मुंबई या तिन्ही फौजांची पुनर्रचना केली. गोऱ्या आणि देशी शिपायांचे प्रमाण बदलले, तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती गेला. तिसरी गोष्ट फार शांतपणे झाली. देशी पलटणींसाठी 1858 आणि 1859 च्या नमुन्यांच्या बंदुका आल्या. दुरून पाहिल्या तर 1853 चीच एनफिल्ड: तोच लाकडी दस्ता, तोच घोडा, तशीच नळी. फक्त नळीतले आटे नव्हते. रायफलीचा व्यास .577 इंच होता, तो पोखरून .656 केला होता, म्हणजे 14.7 मिलिमीटरचे 16.7. आतून नळी गुळगुळीत. आणि वर नेमपट्टीच्या जागी एक साधा लोखंडी ठोकळा, त्यात एक कोरलेली खाच. आकडे नाहीत. सरकता तुकडा नाही.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा ठोकळा प्रामाणिक आहे. गुळगुळीत नळीतल्या गोल गोळीला शंभर-दीडशे वारांपलीकडे कुठे जायचे ते तिलाच ठाऊक नसते. तिच्यासाठी 900 चा आकडा कोरणे म्हणजे थट्टाच. पण प्रश्न असा की आटे का काढले. कारखान्यात आटे कोरण्याची यंत्रे होती, नमुना होता, गोऱ्या शिपायांना तीच रायफल मिळत होती. आटे काढले कारण पुन्हा कधी हे शिपाई समोर उभे राहिले तर त्यांची गोळी शंभर वारांवर थांबावी आणि आपली आठशेवर पोचावी. एका साम्राज्याने आपल्याच सैनिकांवर किती विश्वास टाकायचा ते वारांत मोजले होते, आणि त्या मापाची खूण नळीवर उघड्यावर होती. संग्रहालयात काचेपलीकडून नळीच्या आत डोकावता येत नाही. पण मागचा नेम दिसतो. ठोकळा दिसला की ती कोणासाठी बनली हे बहुधा कळते.

म्हणून जुन्या एकबारी बंदुका पाहताना मी आता दस्त्यावरच्या नक्षीकडे नंतर पाहते. आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, मैसूर अशा कितीतरी ठिकाणी शस्त्रदालने आहेत, आणि पाट्यांवर बऱ्याचदा 'बंदूक, एकोणिसावे शतक' यापलीकडे काही नसते. पाहणाऱ्याने एवढे करावे: मागचा नेम अचल आहे की उभा राहणारा ते पाहावे. उभा असेल तर शेवटचा आकडा वाचावा, खालच्या जवळच्या अंतरांसाठी पायऱ्या आहेत का ते पाहावे, आणि रेषांची अंतरे वर जाताना वाढतात का ते. तोड्याच्या देशी बंदुकांवर मागे नुसती खाच असते आणि पुढे माशी, कधी तिला फुलाचा किंवा प्राण्याचा आकार दिलेला. त्यात सौंदर्य आहे, पण अंतराचा हिशेब शिपायाच्या डोक्यात होता, लोखंडात नव्हता. ऑटोमन तुर्की बंदुकांवर एकाखाली एक अशी अनेक भोके पाडलेली उभी पट्टी सापडते. प्रत्येक भोक एक अंतर. तो हिशेब लोखंडात आणण्याचा वेगळा, देखणा प्रयत्न.

खैबरच्या टेकड्यांतील कारागिरांनी ब्रिटिश रायफलींच्या ज्या हुबेहूब नकला केल्या त्या ओळखण्यासाठीही हीच नजर लागते. शिक्क्यातली इंग्रजी अक्षरे कुठे उलटी पडतात, व्हिक्टोरिया राणीच्या मोहरेखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे 1901 नंतरचे साल असते. हे सगळे सांगतात. मी त्यात एक भर घालीन: नेमपट्टीवर रेषा समान अंतरावर असतील तर आखणाऱ्याने पट्टी पाहिली होती, तिच्यातून नेम धरलेला नव्हता. (अशी एखादी वस्तू घरात सापडलीच तर तिच्यावर प्रयोग करू नयेत. जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही अशा जुनाट किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे 45 वे कलम सवलत देते, पण ती चालते की नाही हे ठरवणे आपले काम नव्हे.)

आता काकांच्या पणजोबांकडे येऊ. 1862 मध्ये मुंबईच्या देशी पलटणीत भरती झालेल्या जवानाच्या हाती काय आले असेल? जवळजवळ निश्चितपणे गुळगुळीत नळीची, ठोकळ्याच्या नेमाची बंदूक. 9 चा आकडा असलेली पट्टी तिच्यावर असण्याचे कारण नाही. हे मला खंडेनवमीच्या रात्रीच कळले होते. काकांना सांगायला मी आठवडा घेतला.

त्या आठवड्यात पुढचा काळ पुन्हा तपासला. 1866 मध्ये ब्रिटिशांनी जुन्या एनफिल्डच्या मागच्या भागात बिजागरीचे झाकण बसवून ती मागून भरता येईल अशी केली. हीच जेकब स्नायडर या अमेरिकनाची युक्ती, आणि रायफलीला त्याचे नाव मिळाले. 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री आली: झाकण उघडण्याची यंत्रणा मार्टिनीची, आटे एडिनबरोच्या हेन्रीचे, गोळी बारीक म्हणजे .45 इंचाची आणि वेग 400 मीटर प्रतिसेकंदांच्या वर. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळू लागली तेव्हा, 1870 च्या दशकात, देशी पलटणींकडे स्नायडर उतरली. मग 1888 मध्ये गोऱ्यांना पेटीतून गोळ्या भरणारी ली-मेटफर्ड मिळाली आणि मार्टिनी देशी शिपायांकडे आली. एक पिढी मागे, हा नियम कुठे लिहिलेला असो वा नसो, पाळला गेला.

या एका पिढीचे अंतर वारांत काय होते? मार्टिनीची गोळी पाचशे वारांवर जाताना वाटेत नजरेच्या रेषेच्या वर सुमारे अडीच मीटर चढते. हवा नसती तर दीड मीटरच चढली असती. स्नायडरची गोळी त्याहून अधिक चढते. मोठी चढण म्हणजे मोठी उतरण, आणि उतरण हा शिपायाचा खरा शत्रू. आठशे वारांवर स्नायडरची गोळी तीन अंशांहून अधिक कोनात खाली येते. माझ्या हिशेबाने उभ्या माणसाला ती लागू शकेल असा जमिनीचा पट्टा पंचवीस-तीस मीटरांचा. म्हणजे अंतर ओळखण्यात दोन टक्के चूक झाली की गोळी डोक्यावरून किंवा पायापुढे. उघड्या माळावर, उन्हात, दोन टक्के! पट्टीवरचा 9 हा आकडा अचूकतेचे वचन देत नव्हता. शंभर माणसांनी एकदम झाडलेल्या गोळ्या एका जमावावर पाडण्यासाठी तो होता.

27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानात मुंबई फौजेची एक ब्रिगेड अयुब खानाच्या मोठ्या सैन्यापुढे उभी राहिली. सुमारे अडीच हजारांपैकी साडेनऊशेहून अधिक मारले गेले. (शेरलॉक होम्सचे डॉक्टर वॉटसन जखमी झाले ते याच लढाईत, त्यामुळे जगाला मैवंद माहीत आहे तो एका काल्पनिक डॉक्टरच्या खांद्यामुळे.) त्या मैदानात गोऱ्या 66 व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबईच्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. पराभवाची कारणे अनेक होती, तोफा, पाणी, नेतृत्व; ती रायफलीवर ढकलणे चुकीचे ठरेल. पण जेकब्ज रायफल्स या नावापाशी मी थांबते. ही पलटण 1858 मध्ये जॉन जेकब या मुंबई फौजेच्या अधिकाऱ्याने सिंधमध्ये उभी केली होती, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. जेकबला रायफलींचे वेड होते. त्याने स्वतः आखलेल्या रायफलीची नेमपट्टी 2000 वारांपर्यंत जात होती. देशी शिपाई दूरवर नेम धरू शकतो, यावर त्याचा विश्वास होता, आणि तो विश्वास त्याने लोखंडात कोरला होता. पलटण उभी राहिली त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. बावीस वर्षांनी त्याच्या नावाची पलटण मागच्या पिढीची रायफल घेऊन मैवंदला उभी होती.

हे सगळे मी काकांना सांगितले, एका रविवारी, चहा गार होईपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाच विचारले, "म्हणजे पणजोबांनी थाप मारली?"

"पणजोबांनी काय सांगितलं ते आपल्याला कुठं ठाऊक आहे, काका? आजोबांनी ऐकलं, त्यांनी तुमच्या वडिलांना सांगितलं, मग तुम्हाला."

ते उठून आत गेले आणि लाकडी पेटीतून घडीवर फाटलेला एक कागद घेऊन आले. पेन्शनचा. साल 1884. बावीस वर्षांची चाकरी. आम्ही दोघांनी बोटांवर मोजले. पहिली दहा-बारा वर्षे ठोकळ्याच्या नेमाची बंदूक, त्यानंतर पुढे निवृत्तीपर्यंत स्नायडर. माणूस तिशी ओलांडल्यावर त्याच्या हातात पहिल्यांदा आटे असलेली नळी आली, आणि तिच्यावर ही पट्टी.

काका बराच वेळ पट्टीतला सरकता तुकडा वरखाली करीत बसले. तो अजून सरकतो. मग म्हणाले, "आमच्या घरात बंदूक हा एकच शब्द होता. गुळगुळीत नळीचीही बंदूक, आट्यांचीही बंदूक. पणजोबा म्हणाले असतील पहिली रायफल, आणि आमच्यापर्यंत येता येता ती पहिली बंदूक झाली."

त्यांनी चिठ्ठी लिहायला सांगितली. डबीत मावेल एवढा कागद कापला, लेथवर नोंदी लिहायची त्यांची जुनी पेन्सिल मला दिली. मी लिहिले: नेमपट्टी, स्नायडर, 1870 नंतरची, 5 ते 9 शेकडा वार. काकांनी ती वाचली आणि खाली आपल्या हाताने दोन आकडे वाढवले: 5-6 मधले अंतर 4 मिमी, 8-9 मधले 5.5.